सर्व्हर बिचारा काय करणार?

"लोड स्लो चाललाय, मोठा सर्व्हर घ्या." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत राव! रात्री डेटा भरायला घ्यायचा, सकाळपर्यंत तो संपत नाही, मग क्लायंटच्या गळ्यात दुप्पट रॅमचं मशीन मारायचं. मंडळी, बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतोच. तो लोड लिहिणाऱ्याचा असतो.

मी नांदेडचा, आजोळ लातूरचं. त्यामुळे पाण्याचा हिशोब लवकर कळतो. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने लातूरला पाणी आलं. १२ तारखेच्या पहिल्या गाडीला १० वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी, म्हणजे खेपेला २५ लाख लिटर. समजा एखादा शहाणा म्हणाला असता, एकच घागर न्या, पोचल्याची पावती घ्या, परत या आणि दुसरी भरा... तर? लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आपल्याकडे मात्र एक रो इन्सर्ट, एक कमिट, पुन्हा एक रो, असा कोड बिनदिक्कत प्रॉडक्शनला जातो.

कमिट म्हणजे डेटाबेसने दिलेला शब्द: लाईट गेली तरी ही नोंद जाणार नाही. त्यासाठी लॉग खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी साधी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. मधे कॅश नसेल तर एकामागून एक कमिटही साधारण तेवढेच. १० लाख रोंना सव्वादोन तासांहून जास्त, तेही नुसते वाट बघण्यात! हजार रोंमागे एक कमिट करा, तीच वाट आठ-नऊ सेकंदांवर येते. एसएसडी आहे म्हणता? दर रोमागे नेटवर्कची एक मिलिसेकंदाची फेरी धरली तरी १७ मिनिटं गेलीच.

पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी', मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा', ओरॅकलमध्ये एसक्यूएल लोडरचा डायरेक्ट पाथ. ही हत्यारं कालची नाहीत, कित्येक वर्षं मॅन्युअलमध्ये पडून आहेत. टेबल रिकामं असेल तर इंडेक्स नंतर बांधा. पाच इंडेक्स म्हणजे दर रोमागे आणखी पाच वह्यांत नोंद. भरलेल्या टेबलात थोडाच डेटा टाकायचा असेल तर मात्र इंडेक्सना हात लावू नका, ते पुन्हा बांधणंच महागात पडेल. आणि लोड संपला की 'अ‍ॅनालाइझ' चालवा, नाहीतर डेटाबेस जुन्या अंदाजावरच क्वेरीची वाट शोधत बसेल.

दुसरं टोकही आहेच. कुठूनतरी तोडगा उचलायचा आणि चालू डेटाबेसवर 'एफसिंक' बंद करून टाकायचं. वेग मिळतो, पण मधेच वीज गेली तर शेवटच्या चार नोंदी नव्हे, अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. ज्याने लोडशेडिंग पाहिलंय त्याने तरी हा जुगार खेळू नये. लातूरला वाघिणींतलं पाणी थेट नळाला नाही सोडलं, आधी शुद्ध केलं. तसंच आधी वेगळ्या स्टेजिंग टेबलात उतरवा, तपासा, मग मुख्य टेबलात न्या.

"हार्डवेअर स्वस्त, इंजिनिअरचा वेळ महाग," हे ठरलेलं उत्तर. कबूल. पण रांगेतल्या माणसाच्या वेळेचा भाव कोणी लावायचा? रात्रीचा लोड रेंगाळला की सकाळी खिडकीवरची स्क्रीन गोठते. समोर उभा असतो रोज बुडवून एसटीने आलेला माणूस. त्याला काय सांगतात? "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही हे दोन इंग्रजी शब्द पाठ झालेत. ही कसली डिजिटल क्रांती?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नवा सर्व्हर मागितला, तर दोनच प्रश्न विचारा. लोडमध्ये कमिट किती? आणि भरताना इंडेक्स किती? हे आकडे सांगता आले नाहीत तर पर्चेस ऑर्डरवर सही करू नका. बघा पटतंय का.