कोप कोणाचा?

आषाढात कोठे दरड कोसळली किंवा नदीने पात्र सोडले, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द ठरल्याप्रमाणे उमटतात. ते वाचून आमच्यासारखी सुशिक्षित मंडळी क्षणभर हळहळतात, साहाय्यनिधीस यथाशक्ती वर्गणी देतात आणि चहाचा पेला पुढे ओढतात. या शब्दांत कोणास काही वावगे वाटत नाही. आम्हांस मात्र वाटते, आणि ते केवळ अलंकाराच्या औचित्यापुरते नाही. कोप म्हटला की कोपणारा आला, त्याची लहर आली, आणि लहर सरली की क्षमाही आली. निसर्गापाशी यातले काहीच नाही. त्याच्यापाशी केवळ हिशेब आहे. देणे बुडवावयाचे आणि वसुलीच्या दिवशी सावकाराच्या स्वभावास दोष द्यावयाचा, तशातलाच हा प्रकार होय.

हा हिशेब फारसा गूढही नाही. कोळसा जाळून हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ सालीच मांडले होते. हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ साली हा वायू नियमाने मोजू लागले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती शेकडा सातांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले; आणि तेही मोसमी वारे मंदावत असताना! रिमझिम सरींचा पाऊस आटत चालला आणि घाव घालणारा पाऊस वाढला, असा याचा सरळ अर्थ.

कित्येकांचे म्हणणे असे की, पूर, अवर्षण, वादळे ही पूर्वीही होतीच. १८७६-७८ चा दुष्काळ काय मोटारींनी आणला? आक्षेप वरकरणी बिनतोड दिसतो. परंतु पूर्वीही माणसे ज्वराने मरत असत, म्हणून आज विहिरीत घाण टाकणाऱ्यास निर्दोष सोडावे काय? संकट नवे आहे असे कोणीच म्हणत नाही. ते वारंवार व अधिक जोराने येऊ लागले, हा मुद्दा आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, हे पाप पाश्चात्त्यांचे. यात पुष्कळ तथ्य आहे. भारतीय माणसाच्या वाट्याचा धूर आजही जगाच्या सरासरीहून कमी आहे, आणि ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांच्याकडे आपण भरपाई मागितलीच पाहिजे. पण आपल्या डोंगरांस कोणी पाश्चात्त्याने सुरुंग लावले नाहीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे खरे. पण मिठी नदीच्या पात्रात भराव घालून तिचा गळा आपणच आवळला होता. पश्चिम घाटाचे काय राखावे, हे माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली लिहून दिले. तो अहवाल विकासाच्या आड येतो म्हणून बाजूस सारणारेही आपणच.

आणि आता तिसरी, सर्वांत सोयीची सबब निघाली आहे. काल जे अधिकारी दैवाकडे बोट दाखवीत, ते आज तितक्याच गंभीर मुद्रेने ‘हवामानबदल’ म्हणतात आणि मोकळे होतात. शास्त्राने कारण म्हणून दिलेला शब्द यांनी निमित्त म्हणून वापरावा, यापरता शास्त्राचा उपहास कोणता? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, त्याच जिल्ह्यात तळिये गावावर डोंगर आला होता. पाऊस बदलला हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी यादी का बदलली नाही? आणि ज्या ठाकरांच्या घरी जाळावयास काटक्यांवाचून दुसरे काही नव्हते, त्यांच्यावर कोणाचा कोणता कोप व्हावयाचा होता?

आमच्या आजोळची श्रीवर्धनकडील वाडी ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आडवी झाली. तापत चाललेल्या अरबी समुद्रावर अशी वादळे आता वाढू लागली आहेत. वादळानंतर आम्ही गेलो, तेव्हा ऐंशी उलटलेले मामा मोडलेल्या पोफळींमध्ये बसले होते. ते म्हणाले, “पोफळी पुन्हा लावीन रे; पण त्यांची सुपारी कातरायला मी असेन का?” त्यांनी निसर्गास एक शब्दही लावला नाही. कोपाची भाषा आम्ही शहरातली माणसे बोलत होतो, आणि परतताना डोंगरउतारावर नव्या बंगल्यांसाठी पाडलेले भूखंड कौतुकाने पाहत होतो. त्यांचे गिऱ्हाईक आमच्याच वर्गातले असते, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. पुढल्या पावसाळ्यात लेखणी ‘कोप’ या शब्दाशी आली की तिने थांबावे, आणि त्याऐवजी तो उतार कोणी तोडला, परवानगी कोणी दिली, इशारा कोणास मिळाला व कोणास मिळाला नाही, हे लिहावे. असे वाक्य लांबेल, कदाचित रुक्षही होईल; पण ते खरे असेल, आणि त्याच्या कर्त्याच्या जागी कधी कधी आपलेच नाव घालावे लागेल.