पाटी लावा, पण वाट ठेवा



चाकणहून शिक्रापूरकडे किंवा तळेगावकडे जाताना एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर एक नवेच पीक दिसते. ते पीक म्हणजे लोखंडी खांबांवर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या पाट्या. ‘सदर मिळकत अमक्याच्या मालकीची व कब्जेवहिवाटीची असून कोणीही अतिक्रमण करू नये.’ १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग भोसरीवरून थेट चाकणच्या माळापर्यंत येऊन पोहोचली. जमिनीला भाव आला, तशी तिला पाटीही आली.

पाटी लावावी की नाही, हा प्रश्न आता घरोघर आहे. आमचे म्हणणे असे, की लावावी. पण ती कोणासाठी, कशासाठी आणि तिच्यामागे काय आहे, हे आधी घरात बसून ठरवावे.

पहिली गोष्ट, पाटी म्हणजे मालकी नव्हे. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, वाटपपत्र, वारसनोंद, फेरफार आणि सातबारा यांच्या आधारे, आणि हद्द ठरते ती सरकारी मोजणीने. शेत कोण कसतो, हे पीकपाहणीवरून दिसते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच मोबाईलवरून पीक नोंदवता येते. ते काम पोराबाळांवर ढकलून विसरून जाऊ नका. बांधावर पाटी आणि दप्तरात पड, असे झाले तर उद्या भांडायला उभे राहताना पाय लटपटतील. आणि दुसऱ्याच कोणाची पाटी एका सकाळी तुमच्या रानात उगवलेली दिसली, तर ती रागाने उपटून टाकण्याआधी तिचा फोटो काढा, चार शेजाऱ्यांना दाखवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि वकिलाकडे जा. ‘बघू पुढे’ म्हणून गप्प बसू नका. परक्याचा उघड कब्जा बारा वर्षे तसाच चालू दिला, तर कायदा त्याच्या बाजूने झुकण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट, शेतात पाय ठेवला की गुन्हा झाला, असे नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने कोणी दुसऱ्याच्या जागेत शिरला किंवा तिथे ठाण मांडून बसला, तर तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट चुकलेला माणूस त्यात बसत नाही. पण पाटी वाचूनही जो रात्री डंपरभर राडारोडा टाकून जातो, त्याला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही. पाटीचा खरा उपयोग हा असा आहे.

आता रात्री येणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांविषयी. बॅटरीचा झोत, दोन-चार कुत्री, वाघूर, नाहीतर मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचे फास घेऊन सशाच्या, तितराच्या, डुकराच्या मागे फिरणारी माणसे आपल्या भागात अजून आहेत. काही जण ओळखीचेच असतात. ‘पाटील, तुमच्या रानात जरा फिरून येतो’ म्हणतात आणि सकाळी सशाचा वाटा पाठवतात. डुकराने भुईमूग उकरलेला असतो, म्हणून आपणही मान डोलावतो.

अमेरिकेत हा प्रश्न पाटीनेच सुटतो. व्हरमाँट नावाच्या राज्याच्या घटनेत १७७७ सालापासून कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीची मोकळीक आहे. तिथे मालकाला नको असेल तर त्याने पाट्या लावायच्या. टेक्सास, मिसुरी अशा राज्यांत झाडाच्या खोडावर जांभळा पट्टा ओढला तरी ती पाटीच समजतात. तिथे मालक ‘हो’ म्हणू शकतो आणि ‘नाही’ही म्हणू शकतो.

आपल्याकडे तसे नाही, आणि हे नीट लक्षात घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग ती जंगलात असो की तुमच्या सातबाऱ्यावरच्या रानात. मारणे तर सोडाच. पकडणे, फास लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे, हीसुद्धा कायद्याने शिकारच. रान तुमचे, पण त्यातला ससा तुमचा नाही. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि त्याचे मटण घरात ठेवणे हाही गुन्हाच. तेव्हा जी परवानगी तुमच्या हातातच नाही, ती तुम्ही देणार कशी? तो पाठवलेला वाटा म्हणजे भेट नव्हे, तुमच्या चुलीपर्यंत आलेला पुरावा आहे. या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बिबट्या, मोर, काळवीट, चिंकारा यांच्यासारखा पहिल्या अनुसूचीतला जीव असेल तर कैद तीन वर्षांपेक्षा कमी नाही, सात वर्षांपर्यंत जाते. आणि फास काही माणसाला विचारून आवळत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकतो, गावचे कुत्रे अडकते, शेजाऱ्याचे वासरूही अडकते. फास तुमच्या बांधावर सापडला, की चौकशी पहिल्यांदा तुमच्याच दारात येते.

मग डुकराने खाल्लेल्या पिकाचे काय? हा राग खरा आहे. रात्रभर राखण करून डोळे लाल झालेल्या माणसाला कायदा सांगणे सोपे नाही. पण रस्ते आहेत. नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवा, फोटो काढून ठेवा. फारच उपद्रव असेल, तर रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत पिकाच्या रक्षणासाठी वनखात्याकडे लेखी परवानगी मागता येते. ती परवानगीही त्या कामापुरतीच असते, मेलेले जनावर सरकारचेच राहते. १९२६ या क्रमांकावर वनखात्याला फोन लागतो. तो आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र जन्मात करू नका. खांबावरून आकडा टाकून कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेला डुकराआधी पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. अशा मृत्यूला ‘अपघात’ म्हणून सुटता येत नाही. सौर कुंपणाचे झटका मशीन वेगळे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जीव घेणारा नसतो. तेच घ्या, आणि कुंपणावर ‘झटका तार’ अशी पाटी मात्र जरूर लावा.

कुंपणाचा फार भरवसाही धरू नका. २०२२ सालच्या मार्च महिन्यात चाकणच्या मर्सिडीज-बेंझ मोटारींच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता. भिंत होती, फाटक होते, पहारा होता, तरी शिरला. वनखात्याच्या माणसांनी काही तासांच्या खटपटीनंतर त्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. जनावराला पाटी वाचता येत नाही. माळ कमी झाला आणि ऊस वाढला, की ते आडोसा शोधत येणारच.

पाटी वाचणारी माणसे कोण, याचा आता विचार करा. डंपरवाला वाचतो आणि काणाडोळा करतो. शिकारी अंधारात येतो. पाटी वाचून खरोखर थबकतो तो गरीब माणूस. गवताचा भारा आणणारी बाई, शाळेला आडवाटेने जाणारी पोरे, मेंढरे घेऊन आलेला धनगर. त्याच धनगराचा वाडा दोन रात्री रानात बसावा म्हणून आपले आजे-पणजे धान्य देऊन त्याला बोलावत, कारण लेंडीखताची किंमत त्यांना ठाऊक होती. आज आपण पाटी लावून त्याला परतवतो आणि खताच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो.

आणि शेजाऱ्याची वहिवाटीची वाट? ती पाटीने बंद होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. पूर्वापार वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, दाद मागता येते. म्हणजे आज तुम्ही काटे टाकले, तर उद्या दोघेही तहसील कचेरीच्या बाकावर बसणार, आणि बांधाची माती वकिलाच्या घरी जाणार.

शेवटचा प्रश्न घरातला आहे. पाटीवर नाव कोणाचे? सातबाऱ्यावर तीन भाऊ, दोन बहिणी आणि आई असताना पाटीवर थोरल्याचे एकट्याचे नाव झळकले, की भांडण बाहेरून यायची गरजच उरत नाही. २००५ पासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा सातबाऱ्यावरची सगळी नावे पाटीवर घाला, निदान ‘व इतर सहहिस्सेदार’ एवढे तरी लिहा. गट नंबर, गाव, तालुका लिहा. त्याखाली चार ओळी पुरेत: ‘राडारोडा टाकू नये. शिकार, फास, जाळे यांस सक्त मनाई. एजंटांनी परस्पर व्यवहार करू नयेत. वहिवाटीची वाट उत्तर बांधाने खुली आहे.’

या चौथ्या ओळीला रंग थोडाच लागतो. पण ती वाचणाऱ्याला कळते, की या रानाला मालक आहे आणि मालकाला शेजार आहे. आपल्या पट्ट्यात उद्या काय राहील आणि काय विकले जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. जमीन आहे तोवर शेजारच रात्री हाकेला धावून येणार आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी रंगाऱ्याकडे जाल, तेव्हा तेवढी ओळ विसरू नका.