दोन्ही उत्तरें काढावीं

क्ष² = ७क्ष असें समीकरण फळ्यावर लिहिलें, कीं वर्गांतील बहुतेक मुलें दोन्ही बाजूंस क्षनें भागून ‘सात’ असें मोठ्या उत्साहानें सांगतात. ज्या क्षनें भागिलें तो स्वतःच शून्य असूं शकेल, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या शीळफाट्याहून कल्याणास रस्ता जातो तसा मुंब्र्यासही जातो. एकच रस्ता पाहून परतणारास फाटा ठाऊक झाला, असें कोण म्हणेल?

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकीं निदान एक शून्य असलीच पाहिजे. अवयव पाडण्याच्या रीतीचें सारें बळ यांत आहे. म्हणून एक बाजू शून्य करून घेतल्यावांचून अवयव पाडणें व्यर्थ होय.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या ‘बीजगणितां’त वानरांचें एक मौजेचें उदाहरण आहे. (याच आचार्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां त्यांचा नातू चंगदेव यानें चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला, तेथील शिलालेख इ. स. १२०७ चा आहे.) कळपाच्या आठव्या हिश्श्याच्या वर्गाइतके वानर वनांत बागडत आहेत व उरलेले बारा टेकडीवर आहेत, तर कळप केवढा? (क्ष/८)² + १२ = क्ष हें ६४ नें गुणून मांडिलें, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० होतें. ज्यांची बेरीज ६४ व गुणाकार ७६८ अशा संख्या ४८ व १६; म्हणून (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. पडताळा पाहतां ३६ व १२ मिळून ४८, आणि ४ व १२ मिळून १६. दोन्ही उत्तरें खरीं!

त्याच ग्रंथांतील दुसऱ्या उदाहरणांत कळपाच्या पांचव्या हिश्श्यांतून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेंत शिरले व एक फांदीवर दिसला. येथें क्ष² − ५५क्ष + २५० = ०, म्हणून उत्तरें ५० व ५. परंतु पांचाचा पांचवा हिस्सा एक. त्यांतून तीन वानर कसे वजा करावे? ऋण दोनाचा वर्ग चार, त्यांत एक मिळवून पांच होतात खरे. समीकरण तक्रार करीत नाहीं. तरी लोकांस ऋण वस्तूची प्रतीति येत नाहीं, म्हणून आचार्यांनीं पांच हें उत्तर त्याज्य ठरविलें. त्यांची रीत वर्ग पूर्ण करण्याची होती, अवयवांची नव्हे. पण दोन्ही उत्तरें काढून मग निवाडा करण्याची त्यांची शिस्त आम्हांस घेण्याजोगी आहे.

कांहीं पालक म्हणतात, सूत्र पाठ झालें कीं पुरे. सूत्र उत्तरें देईल. त्यांतील कोणतें ठेवावें, हें तें सांगत नाहीं. घरीं मुलाची वही पाहतांना दुसरें उत्तर कोठें आहे, एवढें अवश्य विचारावें. टाकिलें असेल तर कां टाकिलें, याची एक ओळ त्याखालीं असावी. त्या ओळीस मी वेगळा गुण देतों.