धोक्याच्या वयातील मुले आणि योगाचे शिक्षण

ज्यांचे पाऊल वाकडे पडण्याचा संभव परिस्थितीमुळेच अधिक असतो, अशा मुलांसाठी मराठीत नेटका शब्द नाही. ‘बालगुन्हेगार’ हा जुना शब्द मुलाचा निकाल आधीच लावून मोकळा होतो. आजचा कायदेशीर शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा न्याय्य खरा, पण जिभेवर रुळत नाही. शिवाय ज्याच्या हातून अद्याप काहीच घडलेले नाही, मात्र ज्याच्या घरात मारहाण व दाराबाहेर टोळी आहे, तो मुलगा त्यात बसत नाही. या मुलांना योगासने व ध्यान शिकवावे, असे आज पुष्कळ सज्जन सुचवितात. सूचना चांगली आहे; तिच्यामागील अपेक्षा मात्र तपासून घेतल्या पाहिजेत.

सतत भयाच्या छायेत वाढणाऱ्या मुलाचे शरीर जणू सदैव लढाईच्या पवित्र्यात असते. अधिवृक्क ग्रंथींचे स्राव वाढतात, हृदय जलद चालते, लहानशा शब्दानेही हात उगारला जातो. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागील भाग तर विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत असतो. श्वास ही शरीराची अशी एक क्रिया आहे की जी आपोआप चालते आणि इच्छेनेही चालविता येते. दीर्घ उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते. यात गूढ काही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचे उपकरणांनी मापन करण्याची जी परंपरा घातली, तिच्याच वाटेने हा प्रश्न नेला पाहिजे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात असा एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील चार शाळांमधील चौथी-पाचवीच्या ९७ मुलांपैकी निम्म्या शाळांतील मुलांना १२ आठवडे योग व श्वसन शिकविण्यात आले. मनात तेच ते दुःखद विचार घोळत राहणे, नको त्या आठवणी घुसणे, हे या मुलांत कमी झाले. मात्र खिन्नतेत आणि सवंगड्यांशी असलेल्या संबंधांत तितका स्पष्ट फरक आढळला नाही.

न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगातील १६ ते १८ वयाच्या २६४ मुलांची पाहणी मला अधिक बोलकी वाटते. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे चार महिन्यांत सर्वच मुलांचे अवधान क्षीण झाले. ज्यांना सजग ध्यानाचे व विचारांना वळण लावण्याचे शिक्षण मिळाले, त्यांचे कमी झाले एवढेच. म्हणजे ध्यानाने ऱ्हास थोडा रोखला, पण ऱ्हास घडविणारा कोंडवाडा जागच्या जागीच होता. आपल्याकडे २०१५ च्या अधिनियमानुसार मुलाची चौकशी साधारणतः चार महिन्यांत पुरी व्हावयास हवी. ती लांबली, तर निरीक्षणगृहात रोज सकाळी प्राणायाम घेऊन त्या विलंबाची भरपाई होणार नाही.

सरसकट सर्वांना ध्यान शिकविण्याचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. ८५ शाळा, आठ हजारांहून अधिक विद्यार्थी. २०२२ साली निष्कर्ष निघाला की नेहमीच्या शिक्षणाहून त्याचा विशेष लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी अभ्यासच केला नव्हता, यात नवल ते काय? आधीच मानसिक त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत तर सावधगिरीचेच संकेत मिळाले. ज्याने अत्याचार भोगले आहेत त्याला डोळे मिटून स्वस्थ बसविले, तर शांतीऐवजी तोच प्रसंग पुढे उभा राहण्याचा संभव असतो. अशा मुलाला डोळे उघडे ठेवण्याची, उठून जाण्याचीही मुभा हवी. शिक्षा म्हणून सूर्यनमस्कार घालावयास लावणे तर सर्वथा वर्ज्य समजावे; ज्या क्रियेने मन निवावे, तिचीच त्याला धास्ती बसते.

माझे मत असे की निरीक्षणगृहांत व वस्तीशाळांत योग अवश्य शिकवावा. पण समुपदेशक, शाळा व वेळेवर न्याय यांच्या जोडीला. कार्यालयांना बसल्या जागी शांत राहणारी मुले आवडतात, आणि चटया समुपदेशकाच्या वेतनाहून स्वस्त पडतात, हे विसरू नये. २१ जूनला पटांगणात छायाचित्र काढून वर्षभर चटया गुंडाळून ठेवणाऱ्या संस्थेने हा खर्चही वाचवावा.

शिक्षक कोण, हा प्रश्न मला अभ्यासक्रमाहून मोठा वाटतो. बाल्टिमोरचे काम २००१ साली ज्या तिघा तरुणांनी आरंभिले, त्यांतील दोघे भाऊ त्याच भागात वाढलेले होते. त्यांच्याकडे शिकलेली काही मुले पुढे तेथेच शिकवू लागली. आपल्या निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या तरुणास, तो योग्य ठरल्यास, तेथेच योगशिक्षक म्हणून सवेतन नेमता येईल काय, याचा बालकल्याण खात्यांनी विचार करावा. आजवरचे नियम त्याच्या आड येत असतील तर ते बदलावेत.