चौदा संगणक आणि एक चावी

माझा भाचा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब पाहतो. परवा रात्री त्याचा फोन आला. "मावशी, सगळ्या संगणकांवर 'विंडोज सक्रिय करा' असं येतंय. मालक म्हणतात, खरेदी तू केलीस, आता तूच निस्तर."

नोकरीत असताना मी संगणक विभागात बरीच वर्षे काढली, म्हणून हा फोन.

"संगणक किती?"

"चौदा."

"परवाना कुणाच्या नावावर?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "नावाचं काही नव्हतं. पुरवठादारानं एंटरप्राइजची चावी घालून दिली. बिलावर नुसतं 'सॉफ्टवेअर' लिहिलंय."

चौदा हा आकडा ऐकूनच मला शंका आली होती. एंटरप्राइज विंडोज सक्रिय करण्याच्या केएमएस या पद्धतीत कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो. त्याची मान्यता १८० दिवस टिकते आणि त्याआधीच संगणक आपणहून ती वाढवून घेतात. पण किमान २५ संगणक असल्याखेरीज हा सर्व्हर विंडोजला मान्यताच देत नाही. मग या चौदांना ती दिली कुणी? उघडच, कुठल्या तरी बनावट सर्व्हरने. तो बंद पडला, मुदत संपली. लहान कार्यालयासाठी एमएके ही दुसरी चावी असते. ठरावीक संगणकांपुरती, एकदा घातली की झाले.

शिवाय एंटरप्राइज हा वरचा मजला आहे. खाली रीतसर घेतलेले विंडोज प्रोफेशनल हवे. विंडोज न घेता जुळवणी केलेल्या संगणकाला तो परवाना लागू होत नाही.

"पण काम तर चालू आहे ना?" भाचा म्हणाला.

चालते खरे. मात्र कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात, जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. कालपर्यंत त्याला ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाले. हे ऐकल्यावर त्याचा आवाज उतरला.

नवे परवाने घेण्याआधी मी त्याला एकेक संगणक तपासायला लावले. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. नऊ संगणक पास झाले, पाच नापास. त्या पाचांसाठी परवाना घेणे म्हणजे पैसे पाण्यात!

यादी, जुनी बिले आणि अधिकृत विक्रेत्याचे दरपत्रक त्याने सोमवारी मालकांपुढे ठेवले. सही अजून व्हायची आहे.