बंगळुरूचा वारसा आणि ज्येष्ठ पर्यटक : वाट अडते ती शेवटच्या टप्प्यावर

मराठी पर्यटकाचे बंगळुरूशी नाते केवळ उद्यानांचे किंवा माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे नाही. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही सैन्याने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बालपणी शिवाजी महाराजांचे काही काळ येथे वास्तव्य होते. शहाजीराजांनंतर हा प्रदेश व्यंकोजीराजांकडे राहिला. मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वर मंदिराला त्यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आजही त्या काळाची साक्ष देतो. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे महाराष्ट्रातून येणारे अनेक आईवडील हा इतिहास पाहण्याची इच्छा बाळगून असतात. मात्र गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला या शहरातील वारसास्थळे कितपत पाहता येतात, हा प्रश्न अद्याप समाधानकारकरीत्या सुटलेला नाही.

मेट्रोने साधलेला बदल

गेल्या दीड दशकात या शहरातील प्रवासात मोठा बदल झाला, तो 'नम्म मेट्रो'मुळे. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता हा पहिला टप्पा सुरू झाला. २०१६ आणि २०१७ मध्ये भुयारी मार्ग खुले झाल्यानंतर विधानसौध, कब्बन उद्यान, कृष्णराजेंद्र मार्केट आणि लालबाग ही ठिकाणे मेट्रोने जोडली गेली. स्थानकांवरील लिफ्ट, फलाटाच्या पातळीला असणारे डब्याचे दार आणि दृष्टिहीनांसाठी बसविलेल्या स्पर्शफरशा यांमुळे वृद्ध प्रवाशाला पायऱ्या न चढता शहराच्या मध्यभागी पोहोचणे शक्य झाले आहे. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराचे सौम्य हवामानही ज्येष्ठांना अनुकूल आहे.

अडचण सुरू होते ती स्थानकाबाहेर पडल्यावर. कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकापासून बंगळुरूचा किल्ला आणि टिपू सुलतानचा उन्हाळी महाल ही दोन्ही स्थळे जवळच आहेत. परंतु बाजाराची गर्दी, उंच-सखल पदपथ आणि वाहनांनी व्यापलेले रस्ते यांमुळे धडधाकट माणूस काही मिनिटांत पार करील असे अंतर काठी टेकत चालणाऱ्या व्यक्तीला दुस्तर होते. मेट्रो, पदपथ आणि स्मारक यांची जबाबदारी तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहे. प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीपुरता विचार करते. प्रवाशाला मात्र तिन्ही हद्दी सलग ओलांडाव्या लागतात. साखळीचा एक दुवा निखळला तर उर्वरित सोयींचा उपयोग राहत नाही.

स्थळागणिक वेगळी स्थिती

सर्व स्थळांना एकच मापदंड लावता येणार नाही. हैदरअलीने १७६० मध्ये आरंभ केलेली लालबाग सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. तेथील मुख्य वाटा रुंद आणि पक्क्या आहेत, तर १८८९ मधील काचघर सपाट जागेवर आहे. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची सोयही उद्यान विभागाने वेळोवेळी केली आहे. त्यामुळे तेथील प्राचीन खडकावरील केंपेगौडा बुरूज वगळला, तरी बागेचा मोठा भाग ज्येष्ठांना पाहता येतो.

१७९१ मध्ये पूर्ण झालेल्या टिपूच्या महालाची स्थिती वेगळी आहे. सागवानी खांबांचे दालन तळमजल्यावरून पाहता येते, पण वरचा मजला जिन्याशिवाय गाठता येत नाही. बसवनगुडीतील मोठ्या नंदीच्या मंदिराची मुख्य वाट पायऱ्यांची आहे. गवी गंगाधरेश्वर हे तर गुहामंदिर असून तेथील प्रदक्षिणेचा मार्ग अरुंद आणि कमी उंचीचा आहे. काडू मल्लेश्वरासमोरील, १९९७ मध्ये उत्खननातून उजेडात आलेले नंदीतीर्थ रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे. विधानसौधात जून २०२५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी मार्गदर्शित फेरी सुरू झाली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु ही फेरी पायी करावयाची असल्याने ज्येष्ठांनी चालण्याचे अंतर आधी विचारून घेणे इष्ट ठरते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक आहे. अस्तित्वात असलेल्या इमारतींसाठी, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत देण्यात आली होती. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाल्याने ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे राजीव रतुडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शनपर ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत असल्याचा निर्वाळा दिला आणि किमान अनिवार्य मानके निश्चित करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. सुगमता ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

जतन आणि सुगमता यांतील ताण

याला दुसरीही बाजू आहे. प्राचीन वास्तूत लिफ्ट किंवा पक्का रॅम्प बांधल्यास तिच्या मूळ रूपाला बाध येतो, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप निराधार नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट कार्यान्वित झाली. तिचे स्वागत झाले. पण त्याच सुमारास घालण्यात आलेल्या काँक्रीटच्या वाटांवर अभ्यासकांनी कठोर टीका केली.

जागेचेही गणित आहे. सर्वमान्य निकषानुसार एक मीटर उंचीसाठी बारा मीटर लांबीचा रॅम्प लागतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या केवळ चार पायऱ्यांसाठी ७.२ मीटर लांब उतार हवा. टेकडीवरील मंदिराला हा उपाय पुरा पडणार नाही.

तथापि मध्यममार्ग उपलब्ध आहे. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले, तेव्हा दिल्लीतील कुतुबमिनारासह काही स्मारकांत लाकडी तात्पुरते रॅम्प बसविण्यात आले होते. वास्तूला धक्का न लावता काढता-घालता येणारी रचना शक्य आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले. रायगडावर १९९६ पासून सुरू असलेल्या रज्जुमार्गाने असंख्य वृद्धांना शिवसमाधीचे दर्शन घडविले आहे. जेथे वर जाणे अशक्यच आहे, तेथे तळमजल्यावर चित्रफीत किंवा वास्तूची प्रतिकृती ठेवता येईल.

पुढील दिशा

खर्चिक बांधकामाआधी करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. मेट्रो स्थानकापासून स्मारकापर्यंतचा सलग पदपथ, ठरावीक अंतरावर बसण्याची बाके, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे आणि प्रवेशद्वारापाशी चाकांची खुर्ची यांना पुरातत्त्वाचा अडसर फारसा येत नाही. पायऱ्या किती, चालावे किती लागते आणि वाहन कोठवर जाते, एवढी माहिती मराठी व हिंदीसह प्रवाशांच्या भाषांत प्रसिद्ध झाली, तरी कुटुंबांना सहलीचे नियोजन करणे सोपे होईल.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ मधील अहवालानुसार २०५० पर्यंत लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण वीस टक्क्यांवर जाण्याची शक्यता आहे. वारसा जतन केला जातो तो पुढच्या पिढीसाठी, असे नेहमी म्हटले जाते. तो ज्या पिढीने आजवर जपला, तिलाच पायरीपाशी थांबून नातवंडांच्या परतण्याची वाट पाहावी लागू नये, एवढी दक्षता घेणे संबंधित यंत्रणांना निश्चितच शक्य आहे.