ऊन पाण्याचे झरे आणि डहाणूचे उद्योग

भूगर्भातील उष्णतेवर उद्योग चालवावेत, अशी गोष्ट निघाली की आमच्या लोकांत तत्काळ दोन पक्ष पडतात. एकास वाटते, जमिनीस भोक पाडले की फुकट वीज हाती येईल. दुसऱ्यास वाटते, हे सारे विद्वानांचे खूळ आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, कारण दोघांनीही मोजमाप केलेले नाही.

इटलीत लार्देरेल्लो येथे भूगर्भातील वाफेवर इ. स. १९०४ मध्ये पाच दिवे पेटले, हे खरे. परंतु त्याच वाफेच्या उष्णतेने टाकणखाराचे आम्ल आटविण्याचा धंदा तेथे १८२७ पासूनच चालू होता. आधी उष्णता, मग वीज, हा तेथला क्रम आहे. आमच्या कोकणात तर ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि वर येते. सातिवली, कोकणेर, गणेशपुरी, वज्रेश्वरीपासून थेट राजापूरपर्यंत असे झरे आहेत. पण त्यांचे पाणी साधारणतः ३५ ते ७० अंशांचे. एवढ्यावर विजेचा कारखाना काढू पाहणे म्हणजे निखाऱ्यावर लोखंड वितळविणे होय.

मात्र वाळवणास ही ऊब पुरेशी आहे. हिशेब पाहा. दर सेकंदास १ लिटर वाहणारे पाणी ६० अंशांवरून ५० अंशांवर आणले, तर दिवसाकाठी ८,६४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. निम्मी वाया गेली असे धरले, तरी उरलेलीत सुमारे ७५० किलो पाण्याची वाफ होते. म्हणजे रोज दहा क्विंटल ताजे चिकू सुकविता येतील. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूस, तसेच अवकाळी पावसाच्या एका सरीने वलांडीवर कुजणाऱ्या बोंबलास, ह्याचे मोल किती, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

कोणी विचारील, मग सरावलीस उद्याच असे वाळवणघर का काढू नये? कारण ऊन पाणी सहजासहजी दूर नेता येत नाही. वाटेतच ते निवते. सातिवलीस झरा आहे म्हणून सरावलीच्या भूमीखालीही ऊब सापडेल, असे अनुमान शास्त्र करू देत नाही. म्हणून आधी भूवैज्ञानिक खात्याकडून तालुक्यातील विहिरी व कूपनलिका यांचे उष्णतामान बारा महिने मोजून घ्यावे, आणि आकडे मराठीत प्रसिद्ध करावेत. ऊब न सापडली, तर माल झऱ्यांपाशी न्यावा. सातिवली काही परदेशात नाही.

दुसरी गोष्ट न्यायाची. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. येथे १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेस अधिकार आहेत. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला असून धूर ओकणाऱ्या कारखान्यांवर तेथे बंधने आहेत. बिनधुराची ऊब अशा तालुक्यास विशेष शोभेल. पण ती गावच्या संमतीवाचून घेतली, तर तोही एक अन्यायच होईल. झऱ्यांच्या कुंडांत भाविक स्नान करतात. त्या कुंडांस हात लावू नये. पाण्यातील क्षारांनी लोखंडी नळ खातात, यास्तव त्याची ऊब निराळ्या नळांतून हवेस द्यावी आणि निवालेले पाणी शेतात न सोडता त्याची नीट विल्हेवाट लावावी.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. धोरण कागदावर आहे. मागणी मात्र आपण केली पाहिजे. बागाईतदार, मासळीवाले व गावकरी यांनी मिळून सहकारी संस्था काढावी, मोजणीचा अर्ज आजच करावा, आणि आकडे अनुकूल आले तर एकच लहान वाळवणघर उभारून पाहावे. ते चालले, तर दुसरे काढण्यास कोणाचा उपदेश लागणार नाही; न चालले, तर अल्प खर्चात शहाणपण मिळेल. मोजल्यावाचून आशा धरणे आणि मोजल्यावाचून निराश होणे, हे दोन्ही सारखेच आळसाचे प्रकार होत.